तबकडीचं अंगडं

भंगारवाल्याकडे रेकॉर्ड मिळते, तिचं कव्हर मिळत नाही. घर आवरायला काढलं की तबकडी कुणाच्याच कामाची नसते, पण कव्हराच्या पुठ्ठ्याला शंभर गिऱ्हाइकं असतात. पोरांच्या वह्या, डगमगतं टेबल, आणि मराठवाड्यात तर कूलर अन् खिडकी यांच्यामधली ती कायमची फट. आमच्याकडचा भंगारवाला म्हणतो, ‘कव्हर कायकू होना भाई? गाना तवे में है.’

गाणं तव्यात आहे, कबूल. पण केसाएवढ्या खाचेत आहे, आणि एप्रिल-मेमध्ये लातूरची धूळ कुठे शिरत नाही? म्हणून मी स्वतःच कव्हरं करतो.

पुठ्ठा मिठाईच्या खोक्यांचा. आमच्या गंजगोलाईच्या बाजारपेठेला सोळा रस्ते मिळतात, त्यातल्या एकावरून तो कोरा, अख्ख्या शीटमध्ये आणता येतो. ३०० ते ३५० जीएसएम (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन) पुरतो. एक बाजू पांढरी गुळगुळीत, दुसरी करडी. मी पांढरी आत ठेवतो, म्हणजे तबकडी अलगद सरकते, आणि करडीवर पेन्सिल छान उठते. एलपी, म्हणजे मोठी लाँग-प्ले तबकडी, ३० सेंटिमीटरची, कव्हर साडेएकतीसचं. (ही बारा इंची एलपी अमेरिकेत १९४८ च्या जूनमध्ये आली, त्याच वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा निजामातून सुटला. दोघं एका वर्गातले!) तेव्हा ६३ सेंटिमीटरचा तुकडा मधोमध दुमडायचा, आणि एका अर्ध्याला वर-खाली दोन-दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या राखायच्या.

दुमडण्याआधी पुठ्ठ्याची धार, म्हणजे त्याचे तंतू कुठल्या दिशेने आहेत, ते बघावं लागतं. दोन्ही हातांनी हलकेच वाकवला की कळतं: एकीकडून मुकाट वाकतो, दुसरीकडून अडून बसतो. पाठीची घडी मुकाट बाजूनेच घ्यायची, नाहीतर तिथे पापुद्रे सुटतात. संपलेल्या रिफिलने फूटपट्टीच्या आधाराने रेघ दाबायची, मग दुमडायचं.

पट्ट्या मी आत नाही, मागच्या बाजूला बाहेरून चिकटवतो. आत चिकटवल्या तर तबकडीची कड त्यांना अडते. पन्नास-साठच्या दशकात इंग्लंडातली कितीतरी कव्हरं अशीच असत. दिसायला जरा शिवण उलटी दिसते, असू दे. पट्टीची पांढरी बाजू खळ धरत नाही, तिच्यावर आधी पॉलिशपेपर फिरवायचा. खळ मैद्याची, घट्टसर शिजवलेली, त्यात बाइंडर लोक टाकतात तसं चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी, तेव्हा त्या पातेल्याचा स्वयंपाकघराशी संबंध तुटला तो तुटलाच. सेलोटेपच्या वाटेला जाऊ नये. आमच्या उन्हाळ्यात त्याचा डिंक पाघळतो आणि कव्हराला कव्हर चिकटतं. चिकटवून झालं की पाट्याखाली रात्रभर. आई म्हणते, ‘मिक्सर आल्यापासून पाट्याला पहिल्यांदा काम मिळालं बघ.’

आत मऊ पॉलिथिनची पिशवी हवीच. चकचकीत कडक प्लास्टिक नको, ते वर्षानुवर्षं टेकून राहिलं की तबकडीवर डाग उठवतं.

मूळ कव्हराची रंगीत प्रिंट काढून चिकटव, असा सल्ला येणारा-जाणारा देतो. मला ते पटत नाही. १९३९-४० च्या सुमारास कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइसने कव्हरावर चित्रं आणली, त्याआधी बहुतेक रेकॉर्डी साध्या कागदातच येत. मधोमध गोल खिडकी आणि त्यातून लेबल दिसायचं. हरवलेल्या चित्राचं सोंग आणण्यापेक्षा ती खिडकी मला सरळ वाटते. लेबल १० सेंटिमीटरचं, त्यामुळे खिडकी नऊची, म्हणजे कंपास साडेचारवर लावायचा आणि दोन्ही बाजूंना, दुमडण्याआधीच, कापून घ्यायचं. धूळ आतली पिशवी अडवते.

खिडक्यांच्या कापलेल्या चकत्या घरभर झाल्यात. चहाच्या कपाखाली, फिल्टरच्या नळाखाली, लोणच्याच्या बरणीखाली. परवा शेजारच्या काकू दोन मागून घेऊन गेल्या. काय चाललंय हे त्यांनी विचारलं नाही, फक्त ‘जरा मोठ्या मिळतील का’ एवढंच विचारलं.