चित्रकलेचा तास आणि टेबलावरचा तांब्या

जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकलेचा तास वेळापत्रकात असतो, पण परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो. होतो तेव्हाही फळ्यावर एक मोर काढला जातो आणि सगळ्या वह्यांत तोच मोर उतरतो. हात चालतो, डोळ्यांना मात्र काहीच काम नसतं. चित्रकलेचं खरं मोल डोळ्यांना बघायला शिकवण्यात आहे, आणि त्यासाठी एक तांब्या पुरतो.

तो मुलांच्या नजरेच्या पातळीखाली ठेवायचा. उजेड खिडकीतून एकाच बाजूने यावा. वर्ग मोठा असेल तर दोन-तीन तांब्ये लागतील, मागच्यांना दिसत नाही आणि मग ते शेजाऱ्याचं बघून काढतात. आधी कागदावर उभी मध्यरेषा. मग हात ताठ ठेवून पेन्सिल समोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि तांब्याची रुंदी उंचीत किती वेळा बसते ते अंगठ्याने मोजायचं. कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि माप चुकतं.

चूक ठरलेली असते. तोंडाच्या लंबवर्तुळाला दोन्ही टोकांना अणकुची येते आणि बुडाशी सरळ रेघ. तांब्या सपाट टेबलावर आहे हे मुलाला माहीत असतं, म्हणून समोरचा गोलवा दिसत असूनही ते रेघ मारतं. अशा वेळी त्याचं चित्र आपण खोडून दुरुस्त करू नये. तांब्या उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरावा, तोंडाची नुसती रेघ दिसते. मग हळूहळू जमिनीपर्यंत न्यावा, तोंड फुगत जवळजवळ गोल होतं. बूड तोंडापेक्षा खाली, म्हणून त्याचा गोलवा जास्त, हे मुलं आपणहून सांगतात. पुढे प्रयोगशाळेत मोजपात्रातलं पाणी वाचताना डोळा पातळीत का आणायचा, हे त्यांना वेगळं समजावावं लागत नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांमुळे अनेक शाळांत हा तास टिकून आहे, ते चांगलंच. पण स्मरणचित्राच्या, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राच्या, तयारीत तीन-चार माणसं पाठ करून घेतली जातात आणि बाजार असो की बसथांबा, तीच उभी राहतात. त्याऐवजी हातपंपावरची रांग नीट बघून यायला सांगावं आणि दुसऱ्या दिवशी काढून घ्यावी.

अडचण माणसांची आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे सहावी ते आठवीसाठी कलेचा अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिक्षक) पट 100 च्या वर असेल तरच मिळतो. वाडीवस्तीवरच्या शाळा त्यात बसतच नाहीत, तिथे वर्गशिक्षकांनाच हे करावं लागतं. त्यांच्यासाठी जोडतास, म्हणजे सलग दोन तास, फार महत्त्वाचा. 35 मिनिटांतली दहा मांडामांडीत जातात आणि छायाप्रकाशापर्यंत कोणी पोहोचतच नाही. जूनमध्ये वेळापत्रक ठरतं, तेव्हाच शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी आठवड्यातून एक जोडतास मागून घ्यावा.