डोळे मिटतात तिथंच

बॉक्सिंगच्या सरावात समोरून ठोसा निघायच्या आधीच पोरीचे डोळे गच्च मिटले. खांदे कानाला चिकटलेले, श्वास कोंडलेला.

ती म्हणाली, “लागते त्याचं काई नाई जी, येतांनी दिसते त्याचं भेव वाटते.”

हे भेव शंभर बैठका मारून जात नाही. दोन मिनिटांची फेरी लावा. जोडीदारानं फक्त सरळ डावा ठोसा टाकायचा, पाव ताकदीनं. हिनं नुसता अडवायचा, डोळे उघडे, दर ठोशाला नाकातून फुस्सकन श्वास सोडत. अशा तीन फेऱ्या, मध्ये मिनिटभर दम. दातांचं गार्ड हवंच. जोडीदारानं जोर वाढवला की तिथंच थांबवा, नाहीतर डोळे मिटायचीच सवय पक्की होते.

दिवसभर कापूस वेचणाऱ्या या पोरींच्या हातांत ताकद कमी आहे का? अडतं ते भेवापाशी. मग पहिल्याच आठवड्यात यांना पूर्ण जोराच्या लढतीत का ढकलतो आपण प्रशिक्षक?