आसरांना नवरा नको असतो

पाण्यातल्या बाईवरचा सिनेमा म्हटला की ती कुणाच्या तरी प्रेमात पडणार, हे धरूनच चालायचं. आमच्या अमळनेरकडच्या साती आसरांनी, म्हणजे पाण्यातल्या सात देवींनी, असला एखादा सिनेमा पाहिला तर त्या फिदीफिदी हसतील.

त्यांना नवरा लागत नाही. सातजणी एकत्र राहतात. हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, दहीभात वेळच्या वेळी मिळाला की कुणाच्या वाटेला जात नाहीत, आणि चुकलात तर मात्र सोडत नाहीत. मामांच्या मळ्यात विहिरीच्या काठाला शेंदूर फासलेले सात दगड होते. नवी मोटर आणली तेव्हाही आधी तिथं नारळ फुटला, मग बटण दाबलं. मोठी माय दटावायची, "दुपारना येळले हिरवर नही जावानं." दुपारच्या वेळी विहिरीवर जायचं नाही. का, म्हणून विचारलं की पाठीत धपाटा.

म्हणूनच असेल, मला असल्या सिनेमांत प्रेमापेक्षा पाणी किती खरं वाटतं तेच आधी दिसतं. क्रिस्टियान पेट्झोल्टचा 2020चा 'उंडिने' त्यात सगळ्यांवर मात करतो. उंडिने म्हणजे पाण्यातली बाई, तिची गोष्ट जुनी, जर्मन लेखक फूके यानं 1811 मध्ये ती कादंबरिकेत आणली. माणसानं दगा दिला तर तिनं त्याला मारायचं आणि पाण्यात परतायचं. पेट्झोल्टची उंडिने बर्लिनमध्ये नोकरी करते, शहराच्या मॉडेलांपुढं उभी राहून पाहुण्यांना इतिहास सांगते. तिचा दुसरा प्रियकर पाणबुड्या, धरणाच्या पोटात उतरून टर्बाइन दुरुस्त करणारा. त्या गढूळ, हिरव्या पाण्यात भलामोठा मासा त्याच्या अंगावरून सरकतो ना, तिथं मी खुर्चीत पाय वर घेतले. दगाबाज पहिल्या प्रियकराचा शेवटही थेट पोहण्याच्या तलावात. पाउला बेअरला या भूमिकेसाठी बर्लिन चित्रपट महोत्सवात रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळाला, तो योग्यच.

नील जॉर्डनच्या 'ऑन्डिन'वर (2009) मात्र माझा राग आहे. आयरिश कोळ्याच्या जाळ्यात बाई सापडते, त्याची आजारी मुलगी तिला सील-बाई, म्हणजे बाईचं रूप घेतलेली सील, समजते, आपणही समजतो. आणि शेवटी निघते काय, तर अमली पदार्थांची भानगड! अहो, मग जाळ्यात कशाला आणलीत?

पोलंडचा 'द लूर' (2015) आसरांच्या जरा जवळचा. त्यात दोन जलपरी बहिणी आहेत, वॉर्सातल्या नाइटक्लबमध्ये गातात आणि माणसंही खातात. एक प्रेमात पडते, तिचा फेस होतो. दुसरी त्या पोराचा गळाच फाडते. ही दुसरी आमच्याकडची म्हणून खपेल.

आपल्याकडं असा सिनेमा कुणी केलाच तर तो विहिरीवर नको, बोअरवर करावा. बोअरच्या सहा इंची पाइपाच्या, केसिंगच्या, तोंडाशी दगड मांडायला कोण बसतंय? शेतीची लाइट पाळीनं येते, बऱ्याचदा रात्री. मध्यरात्री बॅटरी घेऊन एकजण पंप चालू करायला निघालाय, बोअरला पाणी नाही, आणि बांधावर सातजणी आपला थकलेला दहीभात मागायला बसल्यात. धरणाचा प्रसंग हवाच असेल तर आमच्याकडचं तापीवरचं पाडळसरे धरण आहेच, इतकी वर्षं काम रखडलंय, शूटिंगला घाई नाही.

आणि बाया सातच्या सात हव्यात. बजेट नाही म्हणून तिघींवर भागवलं, तर मी काही तिकीट काढणार नाही.