जाडी तीच, पण जिवाणू आत

कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर त्या दिवशी उंदरांच्या मोठ्या आतड्याच्या स्लाइड होत्या. काही उंदीर साधे, तर काहींमधून झेडजी१६ या प्रथिनाचा जीन काढून टाकलेला. कोणती स्लाइड कोणाची हे मला ठाऊक नव्हतं, लेबलांवर नुसते सांकेतिक क्रमांक होते. सगळी एका विणीतली भावंडं, एकाच पिंजऱ्यात वाढलेली. पिंजरे वेगळे केले की आतड्यातले जिवाणूही बदलतात आणि मग दिसलेला फरक नक्की कशामुळे, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

म्यूकस म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचा बुळबुळीत थर. त्याच्या कामात अर्धी लढाई तुकडा फिक्स करतानाच, म्हणजे रसायनात आहे तसा टिकवतानाच, जिंकावी किंवा हरावी लागते. नेहमीच्या फॉर्मॅलिनमध्ये पाणी असतं, त्यात म्यूकसचा थर नीट टिकत नाही. म्हणून आम्ही मेथॅनॉल, क्लोरोफॉर्म आणि असेटिक अ‍ॅसिडचं बिनपाण्याचं कार्नॉय मिश्रण वापरतो. आतडं धुवायचं नाही, आतली लेंडी तशीच ठेवून अख्खा तुकडा मिश्रणात सोडायचा. २००८ मध्ये स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या संशोधकांनी मोठ्या आतड्यातला म्यूकस दोन थरांचा असतो हे दाखवलं: बाहेरचा सैल, जिवाणूंनी भरलेला, आतला घट्ट, पेशींना धरून असलेला आणि जवळजवळ जिवाणूमुक्त.

स्क्रीनवर पेशींची केंद्रकं निळी, म्यूकसचं मुख्य प्रथिन म्यूक२ हिरवं, जिवाणू लाल. पहिल्या काही स्लाइडवर सगळं जिथल्या तिथे होतं. लाल गर्दी वर, खाली हिरव्या रंगाचा स्वच्छ पट्टा. पुढच्या एका स्लाइडवर पट्टा तेवढाच रुंद, पण त्यात लाल ठिपके. काही तर पेशींच्या अगदी जवळ. सेक्शन, म्हणजे तुकड्याचा पातळ काप, कापताना पात्यासोबत ओढले गेले असतील, ही शंका आधी आली. पात्याने ओढलेले जिवाणू एका रेषेत पसरतात. हे सगळीकडे विखुरलेले होते. त्याच तुकड्याचा दुसरा सेक्शन लावला, तिथेही तेच.

शेजारी बसलेली आमची विद्यार्थिनी जाडी मोजत होती. सगळ्या स्लाइड मोजून झाल्यावर तिने विचारलं, "मॅडम, थर तर सगळ्यांचा सारखाच आहे. मग हे आत आले कसे?"

क्रमांकांची यादी उघडली. ठिपके होते त्या स्लाइड झेडजी१६ नसलेल्या उंदरांच्या निघाल्या. गोटेनबर्गच्याच गटाने २०१६ मध्ये हे छापलं होतं, मी ते वाचलेलंही होतं. पण स्वतःच्या हाताने कापलेल्या सेक्शनवर ते समोर आलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसले.

त्या मुलीला मी जे सांगितलं ते इथेही सांगते. म्यूक२ हे पाच हजारांहून जास्त अमिनो आम्लांचं, साखरेच्या साखळ्यांनी लगडलेलं अवाढव्य प्रथिन. म्यूकस बनवणाऱ्या गॉब्लेट पेशीत ते दाबून, गुंडाळून ठेवलेलं असतं आणि बाहेर पडताच शेकडो पटींनी फुलतं. जाळं त्याचंच. ते अजिबात नसलेल्या उंदरांत जिवाणू थेट पेशींना भिडतात आणि कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह, होतो. पण जाळं विणलेलं आहे म्हणून काम संपलं, असं नाही. त्याच गॉब्लेट पेशी झेडजी१६ हे छोटंसं प्रथिनही म्यूकसमध्ये सोडतात. ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे जाड भिंतीच्या, जिवाणूंच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकन नावाचा पदार्थ असतो, त्याला ते चिकटतं आणि जिवाणूंचे पुंजके करतं. मारत नाही. एकटा जिवाणू जाळ्यातून वाट काढू शकतो, पुंजक्याला ते जमत नाही. लहान आतड्यातलं रेगथ्री-गॅमा हे प्रथिन मात्र ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना सरळ ठार करतं. मला स्वतःला झेडजी१६ची रीत जास्त शहाणपणाची वाटते. मोठ्या आतड्यात हेच जिवाणू तंतुमय अन्न आंबवून ब्युटिरेट हे मेदाम्ल देतात, ते तिथल्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन. त्यांना मारण्यापेक्षा लांब ठेवणं शरीराच्या फायद्याचं.

दुपारी तिला ते डोळ्यांनी पाहायचं होतं. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंच्या दोन नळ्या घेतल्या, एकीत शुद्ध केलेलं झेडजी१६ घातलं, दुसरीत नुसतं बफर, म्हणजे प्रथिनाशिवायचं द्रावण. बफरच्या थेंबात जिवाणू सुटे सुटे होते, प्रथिनाच्या थेंबात त्यांचे गठ्ठे झालेले. ती आयपीसमधून डोळा काढायला तयारच नव्हती.

रुग्णांच्या आतड्याच्या बायोप्सीच्या वर्णनात गॉब्लेट पेशी कमी झाल्याची नोंद असते, ती महत्त्वाचीच आहे. पण अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजाराच्या सक्रिय अवस्थेत आतला थर जिवाणूंना आत शिरू देतो, आणि ते नुसतं थर किती उरला यावरून कळत नाही. आमच्या मोजणीच्या तक्त्यात आता जाडीच्या शेजारी आणखी एक रकाना आहे: सर्वांत जवळचा जिवाणू पेशींपासून किती मायक्रोमीटरवर. विद्यार्थिनी तोच आधी भरते.