एकच सेव्ह, आणि तोही दुसऱ्याचा

डीएस लाइट, म्हणजे निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा गेम-यंत्र, इंदूरच्या जेल रोडवर मिळाला. जुना, बिजागरीला चीर गेलेला. दुकानदार म्हणाला, "चलता है भिया, घर ले जाओ." चालतो खरा, फक्त एल बटण मेलेलं. बरोबर ड्रॅगन क्वेस्ट ९ या जपानी साहसखेळाचं कार्ट्रिज. डबी नाही, पुस्तिका नाही. रामबागेत घरी येऊन सुरू केलं तर आत आधीच कुणाचा तरी सेव्ह, म्हणजे अर्ध्यावर साठवून ठेवलेला खेळ. नायकाचं नाव ‘बाबा’, खेळलेले तास १४३.

या खेळात सेव्हची जागा एकच. नवा खेळ सुरू करायचा तर जुना पुसायचा, मधला मार्ग नाही. मालिका १९८६ पासून चालू आहे, हा तिचा नववा मुख्य भाग, आणि थेट हँडहेल्डसाठी (हातातल्या यंत्रासाठी) बनलेला पहिलाच. घरात दोन भावंडं असली तर काय करायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नसेल का? माझी या खेळावरची सगळ्यात मोठी तक्रार हीच, आणि ती पहिल्याच मिनिटाला लागू पडली.

आठवडाभर पुसला नाही. देवासच्या बसमध्ये रोज थोडा वेळ बाबाच्या घरात डोकावत राहिलो. तलवारीचे १०० गुण पूर्ण, म्हणजे आता पात्राने पेशा (योद्धा, पुजारी वगैरे) कुठलाही घेतला तरी तलवार हातात धरता येते. बाकीच्या हत्यारांत जवळपास काही नाही. माणूस एककल्ली होता. पिशवीत भुयारांचे बरेच नकाशे होते. प्रत्येक नकाशावर तो कुणाला सापडला आणि आधी कुणी जिंकला, हे लिहिलेलं असतं. सगळीकडे एकच नाव: बाबा, बाबा, बाबा.

मग खेळातल्या स्टॉर्नवे गावच्या खानावळीत गेलो. इथून ‘टॅग मोड’ सुरू होतो. टॅग मोड चालू ठेवून झाकण बंद करायचं आणि डीएस खिशात टाकून गावभर हिंडायचं. वाटेत दुसरा कुणी तसाच हिंडत असेल तर त्याचं पात्र तुमच्या खानावळीत मुक्कामाला येतं, जमल्यास नकाशाही देऊन जातं. जपानमध्ये हा भाग ११ जुलै २००९ ला आला आणि ४० लाखांवर खपला. तिथे लोक मुद्दाम ठरावीक जागी जमायचे. एका खेळाडूला असा नकाशा सापडला होता की त्या भुयाराच्या पंधराव्या मजल्यावर फक्त मेटल किंग स्लाइमच (हरवले की भरघोस अनुभव-गुण देणारे राक्षस) भेटतात. तो एकाकडून दुसऱ्याकडे जात देशभर पसरला. बाबाची खानावळ मात्र रिकामी. एकही पाहुणा नाही. चौघांनी मिळून खेळायची सोय आहे, त्या वेळेच्या नोंदीतही शून्य. १४३ तास, आणि आजूबाजूला दुसरा डीएस नाही.

त्या रात्री त्याच्या चमूची हत्यारं-चिलखतं वहीत उतरवून घेतली आणि सेव्ह पुसला.

तास ० ते ७: सुरुवात रेंगाळते, पण गोड आहे. आपण एंजल फॉल्स नावाच्या खेड्याचे रक्षक देवदूत, लोकांना दिसत नाही. मग घात होतो आणि माणसासारखे खाली येऊन पडतो. स्वस्तातली ढाल म्हणजे चक्क पातेल्याचं झाकण, आणि अंगावर चढवलेली जवळपास प्रत्येक वस्तू पात्रावर दिसते. सोबती खानावळीत आपणच घडवायचे. मी नाना, अक्का आणि तात्या केले. तात्या झाकण घेऊन उभे राहिले की आमचे खरे तात्या स्वयंपाकघराच्या दारात दिसतात! मात्र तिघांना स्वतःची गोष्ट नाही, तोंडी एक वाक्य नाही. आठव्या भागात सोबत्यांना स्वतःची गोष्ट होती, तो खेळून येणाऱ्यांना हे खुपेल. मला खुपलंच.

एल बटणाचं दुखणं इथे कळलं. एल-आर दाबून कॅमेरा फिरतो. माझा एकाच बाजूला फिरतो. थोडं उलटं वळून बघायचं तर अख्खी प्रदक्षिणा. बटणाच्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडून शंभरेक वेळा दाबलं. आता दहातून सहा वेळा लागतं.

तास ७ ते १५: कॉफिनवेल. (पुढे कथा फुटते, हवं तर हा परिच्छेद सोडा.) नावात खोकला, पात्रांच्या नावांत कफ आणि पडसं, अशा इंग्रजी कोट्यांनी गाव भरलंय, त्यामुळे आपण हसत आत शिरतो. साथ पसरलेली असते. डॉक्टरला रोगात रस आहे, रोग्यांत नाही. तो आपल्याबरोबर साथीचं मूळ बंद करायला जातो आणि घरी त्याची बायको मरते. तिला लागण झाल्याचं तिने सांगितलेलंच नसतं. भुतं फक्त नायकाला दिसतात. ती आपल्याला दिसते, आणि नवऱ्याला दार उघडून गावात फिरवायला लावते. बरे झालेले लोक त्याचे आभार मानतात, तो खाली मान घालून ऐकतो. मला वाटतं मुख्य कथेपेक्षा या गावोगावच्या छोट्या गोष्टीच या भागाचं खरं बळ आहेत.

तास १५ ते २३: ऑलट्रेड्स ॲबी, म्हणजे पेशा बदलायची जागा. नवा पेशा घेतला की पातळी परत १, पण हत्यारांत घातलेले गुण शाबूत. मी घाईत नायकाचे गुण तलवार, चाबूक आणि पंख्यात वाटून बसलो. चाबूक एका फटक्यात शत्रूंचा अख्खा गट झोडतो म्हणून मोह झाला. करू नका. बाबाचं बरोबर होतं, एकच धरा. लढाया पाळीपाळीच्या आहेत, जुन्या घाटाच्या. २००६ मध्ये जाहीर झाला तेव्हा हा भाग तडक हाणामारीचा असणार होता. चाहते भडकले, मग बदलला. बरं झालं. रविवारी पोह्यांच्या बशीशेजारी एका हाताने खेळता येतो, फक्त जिरावणाची (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची) बोटं पडद्याला लागू देऊ नका.

आत्ता पोर्थ लाफान या खेळातल्या कोळ्यांच्या गावच्या किनाऱ्यावर आहे. पातळी १९, अक्का पुजारी, लेविआथन या समुद्री राक्षसाने दोनदा लोळवलं.

देवास नाक्याच्या अलीकडे बस रखडते, तेव्हा झाकण बंद करून टॅग मोड चालू ठेवतो. अजून कुणी आलेलं नाही.