गोफण, नोंद सहावी: सतरा टक्के सापडले

मंडळी, सापडलं एकदाचं. दोरीला बूच बांधून गोल फिरवायच्या या प्रयोगात हिशेबातल्या ज्या सतरा टक्के फरकाने तीन आठवडे जीव नकोसा केला होता, त्याचा दोष नळीत नव्हता, वॉशरमध्ये नव्हता, स्टॉपवॉचमध्येही नव्हता. तो माझ्या वहीत होता.

मांडणी तुम्हाला ठाऊक आहेच. हातात उभी नळी, तिच्यातून ओवलेली दोरी, दोरीच्या वरच्या टोकाला २० ग्रॅमचं रबरी बूच, खालच्या टोकाला दहा-दहा ग्रॅमचे वॉशर. नळीच्या जरा खाली दोरीला क्लिप लावलेली, म्हणजे फिरवताना वरची लांबी ८० सेंटीमीटरच राहतेय ना, ते कळतं. वीस फेऱ्यांचा वेळ घ्यायचा, त्यावरून अभिकेंद्री बल (बुचाला केंद्राकडे ओढून वर्तुळात वळवत ठेवणारं बल) काढायचं आणि वॉशरच्या वजनाशी ताडून बघायचं. जुळायला हवं. पण ४ वॉशरला २५.८ सेकंद आले आणि हिशेबाचं बल वजनापेक्षा १७ टक्के कमी. ८ वॉशरला १८.२ सेकंद, ६ टक्के कमी. १६ वॉशरला १२.९ सेकंद, तरीही ४ टक्के कमीच. (फेऱ्या मोजताना सुरुवात ‘एक’ने करायची चूक दुसऱ्या नोंदीतच निस्तरली आहे. आता ‘शून्य’नेच सुरुवात करतो.)

साहजिकच मी घर्षणाच्या मागे लागलो. पेनची नळी झाली, तांब्याची झाली, काठ तापवून गोल केलेली काचेचीही झाली. तांब्याच्या नळीबद्दल एवढंच सांगतो की तिच्या कापलेल्या काठाने दोरी तोडली आणि बूच पडद्यावर जाऊन आदळलं. नशिबाने मोबाईलवर चित्रण चालू होतं. एकेक चौकट पुढे सरकवत पाहिलं, तर दोरी तुटल्यावर बूच बाहेरच्या दिशेला नाही, सरळ स्पर्शिकेवरून निघून गेलं. हे हजारदा वाचलेलं असतं, तरी आपल्याच पडद्याची वाट लावून पाहण्यात वेगळी मजा आहे. नळी घ्यायची तर काचेचीच घ्या. तुटण्याची भीती वाटत असेल तर हातात धरायच्या भागावर जाड चिकटपट्टी गुंडाळा. आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

नळ्या बदलल्या, पण आकडे हटेनात. तेव्हा एक गोष्ट उशिरा लक्षात आली. काठावरचं घर्षण ताणाचा साधारण ठरावीक हिस्सा खातं. दोष त्याचा असता तर ४ वॉशर असोत की १६, फरक जवळपास तेवढ्याच टक्क्यांचा आला असता. माझा फरक मात्र वजन वाढवलं की १७ वरून ४ वर घसरत होता. म्हणजे चोर दुसराच.

आता वहीकडे येतो. फिरताना दोरी आडवी राहत नाही, बूच थोडं खाली झुकतं, हे मला माहीत होतं. म्हणून पहिल्या दिवसापासून मी शहाणपणाने ८० सेंटीमीटर न घेता बुचाच्या वर्तुळाची खरी, आडवी त्रिज्या घेत होतो. ४ वॉशरला ती ६९ सेंटीमीटरच्या आसपास येते. या ‘दुरुस्ती’चा मला अभिमानही होता. परवा रात्री बुचावरच्या बलांची आकृती नव्याने काढली. बाण दोनच: दोरीचा ताण आणि बुचाचं वजन. जुन्या पानावर मी तिसरा बाण काढून त्यावर ‘अभिकेंद्री’ लिहून ठेवलं होतं. तो खोडला आणि मग प्रश्न पडला, केंद्राकडे ओढतंय कोण? ताणच. पण अख्खा ताण नाही. त्याचा उभा घटक बूच पेलण्यात खर्च होतो, वळवायला उरतो तो फक्त आडवा घटक. मी मात्र अख्खा ताण धरून बसलो होतो. त्रिज्या कापली, बल कापायचं विसरलो!

गंमत अशी की दोन्ही एकाच प्रमाणात कापले जातात. दोरी जेवढी झुकते, तेवढ्याच पटीने त्रिज्याही घटते आणि आडवं बलही. म्हणजे कोन हिशेबातून साफ उडून जातो. ताण म्हणजे बुचाचं वस्तुमान, गुणिले कोनीय वेगाचा (सेकंदाला किती कोन फिरतं त्याचा) वर्ग, गुणिले दोरीची पूर्ण लांबी. झुकणं मुळीच लक्षात न घेता भाबडेपणाने ८० घेतले असते, तर पहिल्याच दिवशी घरी पोचलो असतो.

८० घालून सगळं परत केलं. ४, ८ आणि १६ वॉशर, तिन्हीकडे फरक ३ टक्के. सारखा! हा ३ बघून मला १७ गेल्यापेक्षा जास्त आनंद झाला, कारण सारखा फरक म्हणजे एकच कारण. घर्षण तरी, नाहीतर बुचासोबत फिरणारी दोरी. दोरीलाही वस्तुमान असतं आणि तिचं अर्धं वस्तुमान बुचात मिळवावं लागतं, कारण मधल्या प्रत्येक तुकड्याला त्याच्या त्याच्या त्रिज्येवर वळवायचं काम ताणालाच करावं लागतं. माझा वजनकाटा १ ग्रॅमच्या खाली बघत नाही, म्हणून ८ मीटर दोरी एकदम तोलली. १२ ग्रॅम. म्हणजे ८० सेंटीमीटरला १.२, त्याचं अर्धं ०.६, आणि २० ग्रॅमच्या बुचाला ०.६ म्हणजे ३ टक्केच की! त्याच संध्याकाळी मासेमारीची नायलॉनची बारीक दोरी लावली. फरक १ टक्क्याच्या आत. महागडा काटा घ्यायचा बेत रद्द.

इथपर्यंत लिहून पुढचा बेत, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरवर नाणं कुठे घसरतं ते पाहायचं, असं लिहिणार होतो. पण वरचा परिच्छेद लिहितानाच वाटलं की ही गोफण म्हणजे शंकू लंबकच आहे, म्हणजे मागेपुढे न झुलता गोल फिरणारा, दोरीने शंकू आखणारा लंबक. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६७३ मध्ये त्यावर लिहिलं होतं, न्यूटनने ‘अभिकेंद्री’ हा शब्द छापायच्या १४ वर्षं आधी. शंकू लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका फेरीचा वेळ, लांबीवर नाही, वस्तुमानावरही नाही, फक्त बूच टांगणीपासून किती खाली आहे त्या उंचीवर ठरतो. माझ्या मांडणीत ती उंची म्हणजे लांबीला बुचाच्या आणि वॉशरच्या वजनांच्या गुणोत्तराने गुणायचं. ८० सेंटीमीटरला ८ वॉशर लावले तर २० सेंटीमीटर. ४० सेंटीमीटरला ४ वॉशर लावले तरी २० सेंटीमीटरच! लांबी निम्मी, ताण निम्मा, कोन वेगळा, तरी वेळ तोच यायला हवा.

मग कसला धीर धरवतोय. उठलोच. वीस फेऱ्यांना ८० वर १८.० सेकंद, ४० वर १८.१. दोनदा करून पाहिलं. नाणं आणि रेकॉर्ड प्लेअर आता पुढच्या महिन्यात.

दोन वॉशर लावले तर? वॉशर आणि बूच सारख्याच वजनाचे होतात, सगळा ताण बूच पेलण्यातच संपतो, वळवायला काही उरत नाही. करून पाहिलं. बूच नळीच्या कडेला निमूट लोंबकळत राहिलं. तीन वॉशरला मात्र फिरायला हवं: बूच ५३ सेंटीमीटर खाली, वीस फेऱ्यांना साधारण २९.३ सेकंद. अकराव्या फेरीला ते माझ्या कोपरावर आपटलं. नळी लाकडी काठीच्या टोकाला बांधून, हात लांब ठेवून उद्या पुन्हा.