आखाजीचे मांडे आणि पाहुणीची शिक्षा

हायवेवर 'अस्सल खान्देशी' अशी पाटी लावलेल्या एका ढाब्यावर आम्ही शेवभाजी खाल्ली. बोटभर तर्री, खाली शेवेचा लगदा आणि घशात मिरची. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही. लोक त्यालाच खान्देशी जेवण समजून परत जातात, याचं मात्र वाईट वाटतं.

मैत्रीण आखाजीला माहेरी निघाली होती, अमळनेरजवळच्या एका गावात. मीही तिच्या मागे लागून गेले. बाकी महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया म्हणजे सोन्याच्या जाहिराती. खान्देशात ती आखाजी, दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. सकाळी पितरांच्या नावाने पाण्याची घागर पुजली, चुलीतल्या निखाऱ्यांवर आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, टाकली, आणि तोवर कोणी तोंडात घास घालायचा नाही. बाहेर पारा चाळिशी ओलांडून गेलेला. मला कूलरसमोर बसवलं आणि उठू म्हणून दिलं नाही.

पहिल्या पंगतीत पुरुषमाणसं, लहान मुलं आणि मी. ताटात आमरस, तूप, कुरडया, भजी, पुरणाच्या कटाची काळपट झणझणीत रशी. मग दुरडीतून आले मांडे. पातळ, अंगाने मोठे, रुमालासारखी घडी घातलेले. छानच होते. पण एकावर एक रचून ठेवल्यामुळे वाफ धरून मऊ पडलेले. मागच्या अंगणातून सारखा थप् थप् आवाज येत होता आणि माझं लक्ष काही ताटात लागेना.

हात धुवायच्या निमित्ताने मागे गेले. तीन दगडांच्या चुलीवर खापर पालथं घातलेलं, खाली लाकडाचा जाळ. शेजारच्या एक मावशी मांडे करायला आल्या होत्या. गावात ज्यांचा हात बसलेला असतो, त्यांना असं हमखास बोलावणं असतं. आदल्या दिवशी गहू धुऊन, वाळवून, दळून पीठ वस्त्रगाळ केलेलं. कणीक इतकी सैल की परातीत ठेवली तर पसरेल. मावशींनी दोन पाऱ्यांत पुरणाचा गोळा भरला, कडा दाबल्या, थोडं थापलं आणि मग पोळपाट बाजूलाच सारला. दोन्ही हातांवर तो मांडा फिरायला लागला. तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून पार कोपरापर्यंत. दर फेऱ्याला वीतभर वाढायचा. पुरणाची पिवळी छटा पारीतून दिसायला लागली. आता फाटणार, असं मला वाटलं तेवढ्यात त्यांनी तो खापरावर टाकला. थप्. एकही सुरकुती नाही. दंडापर्यंत हात पिठाने माखलेले, आणि डोळे धुराने लाल.

खापर नसेल तर मांडा नाही, म्हणून तर कुंभाराकडून खापर मिळू दिलं नाही तेव्हा मुक्ताबाईने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले, अशी कथा आहे. लहानपणी मला त्यातला चमत्कार आवडायचा. चुलीपुढे उभी राहिल्यावर पहिल्यांदा त्यातली अडचण कळली. एवढं मोठं, एवढं तलम काहीतरी तव्यावर मावणारच नाही.

मावशींनी खापरावरून उतरलेला मांडा तसाच माझ्या हातात दिला. कडा कुरकुरीत, मध्ये पुरण जिभेला चटका देणारं, आणि मातीचा-धुराचा किंचित वास. ना रस, ना तूप. आत बसून खाल्लेले सगळे मांडे मी त्या क्षणी विसरले. दुसरा घास घेते तोच काकू आल्या. "अगं, पाहुणीला धुरात काय उभं केलंय! आत बठा, बठा." झाली माझी रवानगी परत कूलरसमोर.

खान्देशातल्या पाहुणचाराबद्दल माझी ही एवढीच, पण मोठी तक्रार आहे. सगळ्यात चांगला घास पाहुण्याला मिळतच नाही. तो असतो चुलीजवळ, आणि पाहुण्याला नेमकं तिथूनच हाकलतात. वाटीवर हात धरला तरी बोटांच्या फटीतून रस ओततात. आग्रह करणारी माणसं प्रेमळ असतात हे खरं, पण माझ्या पोटाला ते कोण समजावणार? आणि मावशी जेवायला बसल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. उरलेले गार मांडे, दुधात कुस्करून. त्याबद्दल कोणालाच काही वाटलं नाही, त्यांनाही नाही. मला वाटलं, पण रसाची चौथी वाटी पुढ्यात घेऊन बोलणार कोणत्या तोंडाने?

पुण्यातल्या खाद्यजत्रांमध्ये हल्ली खापरावरचे मांडे मिळतात. रांग लावा, पैसे द्या, गरम मांडा हातात. आग्रह नाही, कूलर नाही. सोबतची रशी मात्र पाण्यासारखी असते आणि आमरस डब्यातला.

म्हणून निघताना काकूंना सांगून ठेवलं, पुढच्या आखाजीला मी मागच्या अंगणातच जेवणार. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाल्या, "जेव की. पण मग पहाटे उठून पुरण वाटायचं, आणि पंगत उठली की खरकटीही तूच काढायची." मी कबूल केलंय. पुरणयंत्र आणू का विचारलं, तर म्हणाल्या, पाटा आहे.